विक्रांत भंगारात गेली, तरी ती अशी बघा

मी नौदलाच्या जुन्या विक्रांतवर, भारताच्या पहिल्या विमानवाहू जहाजावर, फ्लाइट डेकचा (विमानं उडतात-उतरतात तो वरचा मजला) हँडलर होतो. विमानं ढकलायची, पंख मिटून लिफ्टनं हँगरमध्ये, म्हणजे डेकखालच्या विमानांच्या कोठारात, उतरवायची, साखळ्यांनी डेकला जखडायची. सोसायटीतली पोरं विचारतात, "काका, विमानवाहू जहाज बघायला कुठे जायचं?" मुंबईत आता बघायला एकही उरलेलं नाही. विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली, पुढे काही वर्षं संग्रहालय म्हणून इथेच उभी होती, 2014 मध्ये विकली आणि मुंबईतच दारूखाना भागातल्या जहाजतोडणी यार्डात तोडली. दुसरी विमानवाहू विराट तोडायला गुजरातेत अलंगला गेली. तरीही एक सकाळ काढा, मी सांगतो तसं करा.

सुरुवात सीएसएमटीला. बारा डब्यांची लोकल उभी असेल तर तिचे दहा डबे चालत जा. विक्रांत साधारण एवढी, 213 मीटर. आता डोळ्यांसमोर आणा, की एवढ्याशा पट्टीवर, तीही डोलणारी, पंख्याचं अलिझे विमान येऊन डेकवरच्या तारेत हुक अडकवून थांबायचं.

तिथून शहीद भगतसिंग मार्गानं नौदलाच्या डॉकयार्डच्या लायन गेटपर्यंत पायी या. समोर शिल्पकार अर्झान खंबाटांनी विक्रांतच्याच धातूपासून केलेलं स्मारक आहे, 2016 चं. त्याचे फोटो काढा, पण कॅमेरा डॉकयार्डच्या गेटकडे वळवू नका, पहारेकरी हटकणारच. खरं सांगायचं तर स्मारकाला पाच मिनिटं पुरतात. म्हणून सोबत एखादा जुना नौसैनिक न्या. ओळखीत कुणी ना कुणी असतोच, डोंबिवली-कल्याणकडे तर हमखास.

त्याला पहिल्याच दमात 1971 चं युद्ध विचारू नका. चितगाव, कॉक्स बझारवरचे हल्ले, एक बॉयलर तडकलेला असूनही जहाज बंगालच्या उपसागरात कसं लढलं, हे सगळं छापील मिळतं. त्याला विचारा, "तुमचा बंक कुठे होता?" वरचा, मधला की खालचा, इथून गडी सुरू होतो. मग विचारा अंघोळीच्या पाण्याचं. विमान डेकवरून भिरकावणारं कॅटापुल्ट वाफेवर चालायचं. प्रत्येक विमान उडालं की ती वाफ गेली, म्हणजे समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच केलेलं गोडं पाणी गेलं. दिवसभर उड्डाणं असली की आम्ही साबण हातात घेऊन नळाकडे बघत बसायचो. खाली मेसमध्ये झोपलेल्याला कॅटापुल्टचा दणका ऐकू यायचा. जहाज कललं की कळायचं, वाऱ्याकडे तोंड करतंय, विमानं सुटणार. जहाजाचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज पुरेशी झाली तरच विमान उचलतं, म्हणून जहाजाचा वेग घटवणारा तो तडकलेला बॉयलर एवढा जिव्हारी लागला होता.

भीती कशाची वाटायची, हेही विचारा. तोफेची म्हणणारा थापा मारतोय. आम्हाला भीती अलिझेच्या पंख्याची, रात्री फिरताना तो दिसायचाच नाही. आणि डेकवर पडलेल्या बोल्टची. उड्डाणाआधी सगळे ओळीत, नजर खाली, स्क्रू वेचत चालायचे, कारण तो इंजिनात गेला की संपलं.

मुलं अमेरिकेत असतील तर सॅन डिएगोला मिडवे हे जुनं अमेरिकी विमानवाहू जहाज आहे, 2004 पासून संग्रहालय. तिथे लोक थेट फ्लाइट डेकवर पळतात, विमानापुढे फोटो काढतात नि थकून परततात. उलटं करा. आधी खाली जा, मेस, गॅली म्हणजे स्वयंपाकघर, झोपायच्या जागा, इंजिनरूम, मग हँगर, डेक शेवटी. चपला नकोत. शिडी उतरताना तोंड शिडीकडे, दोन्ही हात कठड्यावर. दारातून जाताना पाय उचला आणि डोकं वाकवा, दोन्ही एकदम. गुडघे दुखणाऱ्यानं हँगरमध्ये बसावं, तिथेही बघायला भरपूर असतं.

गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. विक्रांतवरची सी हॉक आणि अलिझे ही विमानं तिथे उभी आहेत. अलिझेच्या शेपटाखाली वाकून हुक बघा.

मुंबईत डिसेंबरच्या नौदल सप्ताहात कधीकधी युद्धनौका लोकांना दाखवतात. जाहीर झालं की सकाळीच रांग धरा, ओळखपत्र आणि पाण्याची बाटली घेऊन.