पोर्ट १० गिगचा, डोकं १६ हजारांचं

मुंबईतल्या डेटा सेंटरात पहिलं पिअरिंग (दुसऱ्या नेटवर्कांशी थेट ट्रॅफिकची देवाणघेवाण) उभं करायचं ठरलं, तेव्हा सांगलीकडच्या एका छोट्या आयएसपीत, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत, मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यासाठी राउटर घ्यायचा होता. मालकांनी विचारलं, "१० गिगचे पोर्ट हवेत ना?" मी हो म्हणालो आणि एक जुना लेअर-थ्री स्विच (राउटरचंही काम करणारा) स्वस्तात आला. डेटाशीटवर बीजीपी, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात ती भाषा, लिहिलेलं होतं. तिथंच फसलो.

सेशन लगेच उभं राहिलं. हौसेनं अपस्ट्रीमकडून, म्हणजे आम्हाला इंटरनेट विकणाऱ्या कंपनीकडून, फुल टेबल (साऱ्या इंटरनेटच्या वाटांची यादी) मागवलं आणि थोड्याच वेळात सीपीयू शंभर टक्के. स्विच दुरून चालवायच्या एसएसएच खिडकीत एक अक्षर टाइप केलं की उमटायला तीन-चार सेकंद. इकडे गिऱ्हाइकांचे फोन सुरू.

राउटरकडे दोन याद्या असतात. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या सगळ्या वाटा आरआयबीत, म्हणजे साध्या रॅममध्ये. त्यातल्या निवडलेल्या वाटा एफआयबीत, थेट चिपमध्ये. पॅकेट धावतं ते हिच्यावरून. रॅम वाढवता येते, चिपमधली जागा नाही. आमच्या स्विचच्या एफआयबीत १६ हजार वाटा मावत होत्या, आणि आयपीव्ही-४ चं फुल टेबल आज १० लाखांच्या घरात आहे. न मावलेलं सगळं सीपीयूच्या गळ्यात. असं थोरामोठ्यांचंही झालंय: १२ ऑगस्ट २०१४ ला टेबल '५१२ के'ला, म्हणजे सुमारे ५ लाख वाटांना, भिडलं आणि तेवढीच जागा राखलेले जुने राउटर जगभर अडखळले.

मग फुल टेबल लागतं का? अपस्ट्रीम एकच असेल तर मुळीच नाही. त्याच्याकडून डिफॉल्ट रूट ('बाकी सगळं इकडे' सांगणारी एकच वाट) घ्या, एक्स्चेंजवरून (अनेक नेटवर्कं एकत्र जोडतात त्या जागेवरून) फक्त पिअरच्या वाटा. आम्हीही शेवटी तेच केलं, तेही मोठ्या कंटेंटवाल्यांपुरतंच. रूट सर्व्हर (पिअरच्या वाटा एकत्र देणारं एक्स्चेंजचं यंत्र) किती वाटा देतो हे खरेदीआधी एक्स्चेंजला विचारा, आणि त्याच्या दुप्पट जागेचा डबा बघा.

दुसरा आकडा पॅकेटचा. १० गिग भरायला ८०० बाइटची पॅकेटं सेकंदाला साधारण १५ लाख लागतात. ६४ बाइटची १ कोटी ४८ लाख. एरवी पहिला आकडा पुरतो. डीडॉस (असंख्य मशिनींचा एकदम हल्ला) आला की दुसरा. जाहिरातीतला वेग बहुधा मोठ्या पॅकेटांवर मोजलेला असतो, तेव्हा खालची ओळही वाचा.

आपल्याकडची आवडती चूक म्हणजे पीपीपीओई (गिऱ्हाइकांचं लॉगिन), नॅट (एक पत्ता अनेकांत वाटणं) आणि बॉर्डर (बाहेरच्या नेटवर्कांशी जोडणी) एकाच डब्यावर. पिअरिंग आलं की पॅकेट जातं एका वाटेनं, उत्तर येतं दुसरीकडून. नॅटसाठी प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवणाऱ्या कनेक्शन ट्रॅकिंगला अर्धंच संभाषण दिसतं आणि ते पॅकेटं टाकून देतं. बॉर्डर राउटर मोकळा ठेवा.

बजेट कमी असेल तर मायक्रोटिक सीसीआर-२११६ सारखा डबा सुरुवातीला चालतो: १६ कोअर, ४ एसएफपी-प्लस (१० गिगचे) पोर्ट. पण त्याचं सॉफ्टवेअर, राउटरओएस, सातव्या आवृत्तीचं हवं. सहाव्या आवृत्तीत बीजीपी एकाच कोअरवर चालायचं. फुल टेबल घ्यायला लावलं तर चहा पिऊन यावं. ट्रॅफिक खरंच वाढला तर ज्युनिपर एमएक्स-२०४ कडे बघा, रॅकच्या एका यू-मध्ये (एका खणात) ४०० गिग. अशा वस्तू सेकंड हँड घेताना लायसन्स आणि सॉफ्टवेअर अपडेट कोणाच्या नावावर, हे आधी लेखी घ्या.

रॅकमध्ये जायच्या आधी एसटीपी, सीडीपी, प्रॉक्सी-एआरपी (स्विच आपणहून पोर्टवर बोलतो ते प्रोटोकॉल) बंद करा. एक्स्चेंजला पोर्टवर तुमचा एकच मॅक (हार्डवेअरचा पत्ता) दिसायला हवा. आमच्या स्विचनं एसटीपीची पॅकेटं सोडली आणि एक्स्चेंजनं पोर्टच बंद केला. आणि एसएफपी (पोर्टात घालायचं फायबरचं मॉड्यूल) एलआर (लांब पल्ल्याचं, सिंगल मोड) की एसआर (जवळचं, मल्टिमोड), ते फोन करून विचारा. मी एसआर घेऊन गेलो होतो, समोर सिंगल मोडची पिवळी केबल. तो दिवस एलआरचा जोड शोधण्यात गेला.

तो जुना स्विच अजून आहे. ओएलटींच्या (घरोघरी जाणाऱ्या फायबर लाइनींच्या यंत्रांच्या) मागे, नुसता स्विच म्हणून. तिथं त्यानं कधी कुरकुर केली नाही.