आयसीयूत पेशंट असेल तर बाहेर बसलेल्यांनी काय करावं

आधी डॉक्टरांशी बोलणारा एक माणूस ठरवा. बाकी सगळं त्यानंतर.

विदर्भातला पेशंट कधी एकटा येत नाही. गडचिरोली, ब्रह्मपुरी, गोंदिया, नाहीतर पार शिवनी-बालाघाटहून गाडी निघाली की सोबत काका, दोन जावई, गावचे सरपंच आणि ‘मेडिकल लाइन’मधला एखादा भाचा असतोच. धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही आयसीयूबाहेर भेटीच्या वेळी उभं राहून बघा. मी नागपुरातच क्रिटिकल केअरमध्ये काम करते. सकाळी पेशंटच्या मुलाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चार तोंडांतून फिरून माझ्याकडे परत येतं: “म्याडम, तुमी तं म्हने किडनी गेली सांगून राहिल्या!” सांगितलं एवढंच असतं, की लघवी कमी झाली आहे, आज त्यावर लक्ष आहे.

हा माणूस घरातला सगळ्यात मोठा असायला हवा असं काही नाही. जो रोज येऊ शकतो, वाईट बातमी शेवटपर्यंत ऐकून घेऊ शकतो आणि पुण्याच्या भावाला फोनवर ती जशीच्या तशी सांगू शकतो, तो. बऱ्याचदा ती सून असते आणि घरचे तिला मागे उभं करतात. तिलाच पुढे येऊ द्या. डॉक्टरांशी बोलताना तिच्याजवळ एक वही असू द्या. तारीख टाकून, ऐकलेलं तिथल्या तिथे लिहायचं. रात्री डोकं चालत नाही, तेव्हा ही वहीच कामी येते.

घरून काय आणायचं? चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, नुसतं ‘बीपीची पांढरी गोळी’ सांगून भागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती पहिल्या मिनिटाला सांगा. वैद्याचं चूर्णही लपवू नका, आम्ही रागावत नाही. सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड असेल तर आणा. विषबाधा असेल तर फवारणीच्या औषधाचा डबा किंवा निदान त्याचं लेबल आणा. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करणारी माणसं दगावली, तेव्हापासून तर हे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात माहीत असायला हवं. साप मात्र मारून पिशवीत घालून आणायचा नाही. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं. साप शोधण्यात गेलेला अर्धा तास महागात पडतो. झोपेत मण्यार चावली तर खूणही नीट दिसत नाही. सकाळी पापण्या जड पडल्या, बोलताना जीभ अडखळली की लगेच १०८ ला फोन करा.

आता रोजच्या भेटीत काय विचारायचं ते. “कसे आहेत?” याला “ठीक आहेत”पलीकडे उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: कालच्यापेक्षा आज मशीनचा, औषधांचा आधार वाढवावा लागला की कमी झाला? पुढच्या चोवीस तासांत काय करणार आहात? कशाची काळजी वाटते आहे?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा, म्हणून जरा थांबून सांगते. मॉनिटरवर ऑक्सिजन ९६ दिसला की नातेवाईक खूश होतात. पण तो ९६ किती ऑक्सिजन देऊन आला आहे? आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. व्हेंटिलेटरमधून १०० टक्के देऊन ९६ येत असेल तर फुप्फुसाची हालत वाईट आहे. तोच ९६ चाळीस टक्क्यांवर येत असेल तर पेशंट सुधारतो आहे. मॉनिटरवर आकडा तोच दिसतो, बातमी मात्र उलटी असते. बीपीचंही असंच. ११०-७० चांगलंच, पण ते नॉरॲड्रेनॅलिन या बीपी चढवणाऱ्या औषधाच्या जोरावर असेल तर औषध वाढत चाललंय की उतरत चाललंय ते विचारा. शेजारच्या बेडच्या पंपावरचा आकडा बघून तुलना करू नका. औषध किती पाण्यात मिसळलंय त्यावर तो आकडा बदलतो. आणि लघवीचं जरूर विचारा. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलीलीटर व्हायला हवी. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन रक्तात चढायला वेळ लागतो, लघवी आधी सांगून जाते.

व्हेंटिलेटर म्हटलं की घरात रडारड सुरू होते. ते मशीन आजार बरा करत नाही, आणि लावलं म्हणजे माणूस गेला असंही नाही. न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागू पडेपर्यंत, विषाचा जोर उतरेपर्यंत, ते श्वासाचं ओझं उचलून धरतं. नळी स्वरयंत्रातून खाली जाते, म्हणून पेशंट शुद्धीत असला तरी बोलू शकत नाही. सही करण्याआधी विचारा: हे कशासाठी, अंदाजे किती दिवस, आणि सुधारणा झाली नाही तर पुढे काय? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. मीच काढला तर लोकांना वाटतं म्याडमनी हात टेकले.

तरीही तो विचारा, कारण वयस्क आणि दीर्घ आजारी माणसाच्या बाबतीत खरा निर्णय तिथेच असतो. त्यांनी स्वतः कधी काही बोलून ठेवलं होतं का, हे घरात बसून आठवा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकन-सही एवढं पुरतं. लिहिलेलं नसलं तरी डॉक्टरांच्या दोन मंडळांमार्फत उपचार मर्यादित ठेवण्याची कायदेशीर वाट आहे. ही वाट माहीत नसते म्हणून लोक रात्री अकरा वाजता “आमाले घरी न्याचं हाय” म्हणून सही करतात, आणि माणूस वाटेत, गाडीत, धाप लागून जातो. घरी न्यायचंच असेल तर दिवसा सांगा. दुखण्याचं आणि धाप कमी करण्याचं औषध, ऑक्सिजन, सगळं सोबत लावून देता येतं.

पैशाचं लाजू नका. पहिल्याच दिवशी खर्चाचा लेखी अंदाज आणि दर दोन-तीन दिवसांनी आतापर्यंतचं बिल मागा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि आधी मंजुरी घेऊन. रेशन कार्ड, आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भरतीच्या वेळीच गाठा. पैसे संपत आले असतील तर संपायच्या आधी बोला, म्हणजे मेडिकल, मेयो किंवा एम्स या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टर-डॉक्टर फोन होऊन बेड पक्का करता येतो. बेड नक्की नसताना व्हेंटिलेटरचा पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये घालून फिरवू नका. कागद मागणं हा तुमचा हक्क आहे, अर्ज दिल्यापासून ७२ तासांत नोंदींच्या प्रती मिळायला हव्यात.

हॉस्पिटल निवडायची वेळ आलीच तर लॉबीतला संगमरवर बघू नका. रात्रपाळीत एका नर्सकडे किती पेशंट असतात ते विचारा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स, हे माझं माप. मशीन सगळीकडे सारखीच असतात.

आत गेलात की हात धुवा, प्रसाद-अंगारा बाहेर ठेवा, आणि बोला. आयसीयूत रात्र-दिवस कळत नाही, म्हातारी माणसं बरळायला लागतात, घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार होते, रात्रभर सलाईन ओढायचे. मुलीने चष्मा लावून दिला, कानातलं मशीन बसवलं आणि कानाशी सांगितलं, “बाबा, मी आली. आज मंगळवार हाय. बगिच्यातली मोटर बंद केली, किल्ली माझ्यापाशी हाय.” त्यांनी तिच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं आणि सलाईनवरचा हात सोडला. औषधाने जे होत नव्हतं ते झालं. तेव्हा चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळीची डबी घरून आणाच.

बाहेर थांबणाऱ्यांनी पाळ्या लावा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना झाडाखाली चार-चार दिवस बसलेले नातेवाईकच उन्हाने आडवे होतात, हे आम्ही दर उन्हाळ्यात बघतो. एक खाली, बाकीचे घरी.

आणि व्हेंटिलेटरची नळी निघाली की लगेच “बाबाले चहा पाजतो” म्हणून कप पुढे करू नका. बरेच दिवस नळी राहिल्यावर गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, घोट फुप्फुसात जातो आणि पुन्हा न्यूमोनिया. पहिलं पाणी नर्सला विचारून, पेशंटला नीट बसवून, चमच्याने.