मामा तलावातला गाळ काढताय? आधी मुरूम कुठे लागतो ते पाहा

मे लागला की भंडारा-गोंदियात तलावांवर जेसीबी आणि ट्रॅक्टरची लाइन लागते. गाळ काढायलाच पाहिजे, त्यात वाद नाही, 1951 मध्ये मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली आणि या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या डागडुजीला वालीच राहिला नाही, वरून तलावाच्या पोटात अतिक्रमण करून धान लावणारेही आपलेच लोक, मग तलाव उथळ होणार नाही तर काय. पण जितका खोल खणू तितकं पाणी थांबेल, हे डोक्यातून काढून टाका.

पाणी धरून ठेवते ती तळाची चिकणमाती. ती फोडून मुरमापर्यंत गेलात तर पाणी खाली झिरपणार. म्हणून आधी तीन-चार जागी कुदळीनं खड्डे करून पाहा, काळा गाळ संपून घट्ट चिकण लागली की तिथेच थांबायचं. मशीनवाल्याला बऱ्याचदा मुरूमच पाहिजे असतो, भरावाला विकला जातो ना, त्यामुळे खोदताना गावातलं कुणीतरी तिथे उभं पाहिजेच. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) पायथ्याशी नि तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, मशीन नेऊच नका. काठ उभा कापू नका, उतरता ठेवा, गुरांना पाण्यावर जाता येतं आणि सारस पक्षी पण अशा उथळ पाण्यातच चरतो.

तलावात माजणारं बेशरमाचं झुडूप मुळासकट उपटा, काठावर वाळवून जाळा. तुकडा ओल्यात पडला की परत फुटतो, नाव काय उगाच पडलं नाही.

आता काढलेला गाळ वावरात किती टाकायचा? एकरभर एक इंच थराला साधारण 36 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो. हलक्या मुरमाड जमिनीत दोन इंचापर्यंत ठीक, काळ्या भारी जमिनीत टाकूच नका. मी एका खोलगट बांधीत (धानाच्या खाचरात) फुकटचा आहे म्हणून जवळपास फूटभर ओतला होता, चिखलणीला ट्रॅक्टर फसला, धान मस्त हिरवागार वाढला आणि लोंबी भरायच्या वेळेस वाऱ्यानं सगळा लोळला. त्यामुळे पहिल्या वर्षी युरियाचा हात आखडताच ठेवा. तलावात गावाचं सांडपाणी येत असेल तर गाळाचा पीएच आणि क्षार आधी तपासून घ्या.

आणि ढिगारे मृगाच्या आधी पांगवून टाका बरं, एकदा भिजले की त्यात ना ट्रॅक्टर चालत ना फावडं.