गिटार घेऊन ओपन माइकला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेत टेनेसीतल्या एका कॉफीहाउसमध्ये ओपन माइकच्या, म्हणजे कुणीही येऊन मंचावर गावं अशा रात्री साउंड मिक्सरवर मी असतो. स्वतःची गाणी लिहून गाणारे येतात. फोक, अमेरिकाना (अमेरिकी लोकसंगीताच्या मुळांवरचं), थोडं कंट्री. प्रत्येकाला दोन गाणी. चुका मात्र दर आठवड्याला त्याच.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते मध्येच ट्यूनिंग बदलणं. पहिलं गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, दुसरं डॅडगॅडमध्ये (तारांचे सूर D-A-D-G-A-D). म्हणजे सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन फ्रेटइतकी उतरवायची. घरी हे अर्ध्या मिनिटात जमतं. पण तीन तारांचा ताण कमी झाला की गिटारची मान किंचित सैलावते आणि उरलेल्या तीन तारा थोड्या चढतात. त्या पुन्हा लावाव्या लागतात.

एका जानेवारीत एक मुलगी आली होती. गिटार दिवसभर गाडीच्या डिकीत. पहिलं गाणं कसंबसं निभावलं, मग तिने तारा उतरवायला घेतल्या. गार तारा खोलीच्या उबेत आणखी उतरत होत्या. ती लावायची, छेडायची, पुन्हा लावायची. चार मिनिटं गेली, लोक बोलायला लागले, आणि मला वेळ संपल्याची खूण करावी लागली. एक कडवं गाऊन ती उतरली. नंतर पार्किंगमध्ये तिने ते गाणं मला पूर्ण ऐकवलं. आजोबांच्या तंबाखूच्या शेतावरचं होतं. त्या रात्रीचं सर्वांत चांगलं गाणं, आणि आत बसलेल्या कुणीच ते पूर्ण ऐकलं नाही.

आपल्याकडे तंबोरे जुळेपर्यंत श्रोते थांबतात, त्यांनाही सूर लागायचा असतो. इथे तसं नाही. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेसारख्या, 1982 मध्ये सुरू झालेल्या आणि गाणं शांतपणे ऐकण्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या नव्वदेक खुर्च्यांच्या जागेत तर खुंटीचा आवाजही शेवटच्या टेबलापर्यंत जातो. माझी सवय सांगतो: दोन्ही गाणी एकाच ट्यूनिंगमध्ये, पट्टी बदलायला हवा तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. गिटार निदान अर्धा तास आधी आत आणायची, पण हीटरजवळ ठेवायची नाही. तार उतरवताना हव्या त्या सुराच्या खाली नेऊन मग वर आणायची, म्हणजे ती टिकते. नव्या तारा त्याच दिवशी चढवू नका. कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यूनर बघा.

गिटार स्पीकरमधून घुमायला (फीडबॅक द्यायला) लागली की नवशिके आवाज वाढवून मागतात. उलट करा. साउंडहोलला, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या भोकाला रबरी झाकण लावा आणि मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोबर मागे येईल असा ठेवा. माइकची जाळी मुठीत धरू नका. सूर कच्चा असेल तर रिव्हर्ब (आवाजाला दिलेली घुमारी) मागू नका; रियाझाचं काम मिक्सर करत नाही.

गाण्यापेक्षा प्रस्तावना मोठी नको. माझ्या मते दोन वाक्यं पुरतात.

शब्द फोनवरून वाचू नका. पाठ नसेल तर ते गाणं पुढच्या आठवड्यात गा.

केबल काढण्याआधी माझ्याकडे बघा, मी चॅनल बंद करतो. घरी केबल गिटारमध्ये लावून ठेवू नका, बऱ्याच पिकअपचा (गिटारचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचा) प्रीअँप, म्हणजे आतला छोटा अँप्लिफायर, तेवढ्यानेच चालू राहतो आणि नऊ व्होल्टची बॅटरी संपते. मी बॅटरीवर कागदी टेप लावून बदलल्याची तारीख लिहितो, आणि एक नवी कायम केसमध्ये असते.