खान्देशात उघड्यावर चित्र रंगवताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईचे चित्रकार मित्र इकडे आले की पहिल्याच सकाळी कुरकुर सुरू होते : वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ सलग थर, पसरतच नाही. हात तोच, रंग तेच, कागदही तोच. दोष इथल्या हवेचा. मार्च संपला की दहा वाजेपर्यंत ती इतकी कोरडी होते की आकाशाचा वॉश खाली आणेस्तोवर वरची कड वाळून तिथे कडक रेघ उमटलेली असते. ती मोडायला पुन्हा ओला ब्रश फिरवणं ही खरी चूक, कारण मग फुलकोबीच्या गड्ड्यासारखे डाग उठतात आणि ते जात नाहीत.

त्यापेक्षा ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद दोन्ही बाजूंनी नीट भिजवून ॲक्रिलिक शीटवर बसवा. पाठीमागची ओल बराच वेळ पुरते. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंबही चालतात. जास्त घालाल तर चित्र चिकट राहील आणि धूळ बसेल. पावसाळ्यात तोरणमाळला मात्र ग्लिसरीन घरीच ठेवा. तिथल्या धुक्यात कागद वाळायचं नाव घेत नाही.

कागदावर थेट ऊन येऊ देऊ नका. उन्हात प्रत्येक रंग उजळ दिसतो, म्हणून हात गडद लावत सुटतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं वाटतं. छत्री घ्या, पण रंगीत नको. लाल छत्रीखाली अख्खा कागद तांबूस होतो. काळी बरी. आणि गॉगल काढा, हे सांगावं लागतं याचंच नवल!

रावेर-सावद्याकडच्या केळीबागांत भलेभले फसतात. ट्यूबमधला सॅप ग्रीन हा तयार हिरवा काढला आणि बाग सारवली, असं करू नका. थोडा वेळ नुसतं बघा. वरून उजेड पडलेलं पान चकाकतं, त्यात आकाशाचा निळसर पांढरेपणा असतो. ज्या पानातून ऊन आरपार येतं ते जवळजवळ पिवळं दिसतं. खोडाला लोंबणारी वाळकी पानं सरळ बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. वाऱ्याने पानांच्या चिंध्या झालेल्या असतात, त्या फटींतून मागचा अंधार दिसतो. तो अंधार रंगवला की पान आपोआप उभं राहतं. बाकी, केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग कायमचा, आणि इझलचा (चित्राच्या स्टँडचा) पाय ठिबकच्या नळीवर ठेवलात तर मालकाची बोलणी खावी लागतील. आधी त्याला विचारा. 'काय काढी राह्यनात भाऊ?' म्हणत तोच चहा घेऊन येतो.

मित्रांबरोबरच्या सहलीत चित्र बिघडतं ते जागा शोधण्यात. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर उतरल्यावर 'अजून थोडं पुढे बघू' म्हणता म्हणता कोवळं ऊन निघून जातं, सावल्या आखडतात. जागा आदल्या संध्याकाळी ठरवा आणि सगळे एकाच झाडाखाली बसू नका. हिवाळ्यात भरीत पार्टी हवीच, पण कपाशीच्या काड्यांवर वांगी चढली की ब्रश कोण धरणार? ती दुपारी ठेवा. दुसऱ्याच्या अर्ध्या चित्रावर न विचारता सल्ला देऊ नये. त्यात ब्रश लावणाऱ्याला तर पुढच्या वेळी बोलावूच नये, मग तो कितीही जुना दोस्त असो.

शेवटचं, चित्राचा फोटो जागेवरच काढा. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार १८४४ मध्ये नेमला गेला, त्यात त्याची वर्षानुवर्षं गेली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. तो स्वतः १८७९ मध्ये भुसावळला वारला. आपल्याकडे निदान मोबाइल आहे. फोटो सावलीत, चित्र सपाट धरून काढा, आणि कागदाच्या कडांना लावलेली मास्किंग टेप त्यानंतरच सोडवा.