पीएफसेन्सची डिस्क बदलताय? या चुका टाळा

पीएफसेन्स म्हणजे ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारं फायरवॉल-राउटरचं सॉफ्टवेअर. त्याची सगळी कुंडली कॉन्फिग.एक्सएमएल या एका फाइलीत असते. रूल्स, नॅट (पत्त्यांची अदलाबदल), व्हीपीएन (बाहेरून ऑफिसात यायचा सुरक्षित रस्ता), सर्टिफिकेटं, डीएचसीपीची रिझर्वेशन्स (ठरावीक मशीनला ठरावीक पत्ता), सगळं. त्यामुळे नव्या डिस्कवर ताजं इन्स्टॉल करून ही फाइल चढवणं हे खरं तर तासाभराचं काम. तरी लोक त्यात रात्र घालवतात, आणि चुका त्याच त्या.

अर्धाच बॅकअप घेणं. डायग्नोस्टिक्समध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर'च्या पानावर 'बॅकअप एरिया' नावाची यादी आहे. ती 'ऑल'वरच राहू द्या. ओळखीच्या एका सीए फर्ममध्ये जीएसटीआर-३बीची मुदत २० तारखेची आणि तिथल्या पोराने १९च्या संध्याकाळी डिस्क बदलायला घेतली. मुहूर्त बघा! "बॅकअप आहे ना?" "हो सर, कालच घेतला." फाइल होती, पण यादीत फक्त 'फायरवॉल रूल्स' निवडलेलं. रूल्स आले, पण ज्या अलायसांवर (पत्त्यांच्या गटांना दिलेली नावं) ते उभे होते ते वेगळ्या विभागात असतात, ते आलेच नाहीत. स्क्रीनवर अलायस सापडत नसल्याच्या तक्रारींची रांग. ओपनव्हीपीएनची सर्टिफिकेटंही गेली, म्हणजे घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला नवी फाइल बनवून द्यायची. म्हटलं, जुनी डिस्क परत लाव. तर ती ५०० जीबीची डिस्क साहेबांच्या सांगण्यावरून तेवढ्यात सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला लागली होती, आणि डीव्हीआरने ती फॉरमॅटही केली होती.

माझी सवय साधी आहे. फाइल उतरवली की नोटपॅडमध्ये उघडायची. इंटरफेस, अलायस, सर्टिफिकेटं दिसतात का, शेवटचा टॅग बंद झालाय का, म्हणजे फाइल अर्धवट तर नाही ना, बघायचं. जुनी डिस्क महिनाभर कपाटात, वर मार्करने तारीख. ती कोणी मागितली तरी द्यायची नाही, साहेबांनी मागितली तरी.

आणि ही फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जरा बघता का' म्हणून टाकू नका. तिच्यात व्हीपीएनच्या खाजगी किल्ल्या (कीज) असतात आणि पीपीपीओईचा, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचा, पासवर्ड नुसता बेस६४ मध्ये असतो, म्हणजे उघडाच.

मरत्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) मारणं. खराब सेक्टरमुळे बिघडलेल्या फाइली जशाच्या तशा नव्या डिस्कवर येतात. हा शॉर्टकट मला कधीच पटला नाही.

रिस्टोरनंतर धीर न धरणं. फाइल चढवली, मशीन उठलं, मेनूत पीएफब्लॉकर (नको ते पत्ते अडवणारं पॅकेज) दिसेना, की नवशिके लगेच रीस्टार्ट मारतात. अहो, पॅकेजं मागे उतरतायत! त्यांना इंटरनेट लागतं, वेळ लागतो. चहा पिऊन या. खरंच अडकलं असेल तर त्याच बॅकअपच्या पानावर पॅकेजं पुन्हा बसवायचं बटण आहे.

इंटरनेटच नसेल तर आधी पत्ते बघा. ताज्या इन्स्टॉलचा लॅन (आतल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि फायबरवाल्याने दिलेल्या राउटरचाही बरेचदा तोच. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क आलं की पुढे काही चालत नाही. फायबरचा राउटर किंवा लॅन, एकाचा पत्ता बदला.

फाइलीबाहेरचं विसरणं. रिअलटेकच्या नेटवर्क कार्डासाठी कोणी वेगळा ड्रायव्हर टाकून लोडर.कॉन्फ.लोकल या सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलीत ओळी लिहिल्या असतील, तर त्या बॅकअपमध्ये येत नाहीत. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टही नाहीत. आधीच वेगळ्या काढून ठेवा.

नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीवर चढवू नका, उलटं चालतं. ट्रॅफिकचे जुने ग्राफ हवे असतील तर बॅकअप घेताना आरआरडी (ग्राफचा डेटा) वगळण्याची खूण काढा, ती आधीपासूनच लावलेली असते. मॉनिटर आणि कीबोर्ड जवळ ठेवा, विशेषतः मशीनही बदलत असाल तर: नेटवर्क कार्डाचं नाव ईएम०चं आयजीबी० झालं की इंटरफेस पुन्हा नेमावे लागतात.

दोन्ही डिस्का जोडून ठेवणं. जुन्या डिस्कवरून कॉन्फिग उचलायची सोय इन्स्टॉलरमध्येच आहे, छान आहे, वापरा. पण काम झालं की पहिल्या रीस्टार्टआधी जुनीची केबल काढा. दोन्हीकडे झेडएफएस (फाइल सिस्टिमचा प्रकार) असेल आणि तिच्या पूलचं, म्हणजे साठ्याचं, नावही एकच असेल, तर मशीन कधी कधी जुन्याच डिस्कवरून उठतं. तुम्ही मात्र नवी समजून त्यावर रूल्स लिहीत बसता.