शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना

बसक्या स्पोर्ट्स कारला इंजिन गार्ड, म्हणजे इंजिनाखाली ढालीसारखा बसणारा पत्रा, लावणं हे अर्ध्या दिवसाचं काम. ते पूर्ण होतं शंभर किलोमीटरनंतर, गाडी पुन्हा वर चढवून गार्डाचा एकूण एक बोल्ट पान्याने तपासल्यावर. मागच्या खेपेला गार्ड लावताना बाकी सगळं नीट झालं आणि नेमकं हेच राहिलं, म्हणून ते सगळ्यात आधी. वेळ मृगाच्या आधीची धरा. खड्ड्यात पाणी साचलं की त्याची खोली कुणालाच दिसत नाही.

सुरुवात मोजण्यापासून. पुस्तिकेतला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, बाजूला ठेवा. टाकी भरलेली, दोन्ही सीटवर माणसं, डिकीत सामान आणि टायरमध्ये बरोबर हवा, अशा अवस्थेत मोजा. नुसतं ५० लिटर पेट्रोलच ३७ किलोच्या आसपास भरतं. सगळ्यात खाली काय लोंबतंय ते वाकून पाहा. तो ऑइलचा चेंबरच (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) असेल असं नाही, सायलेन्सरचा जोड किंवा सबफ्रेमचा, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या चौकटीचा, कोपराही असू शकतो. मग पोरांच्या खेळण्यातल्या क्लेचे चार-चार सेंटिमीटरचे गोळे पोटाखाली पाच ठिकाणी चिकटवा आणि रोजच्या ब्रेकरवरून हळू गाडी काढा. कुठला गोळा किती खरवडला गेला यावरून गार्ड कुठे हवा ते कळतं. गाडी अंदाजापेक्षा जास्त टेकत असेल तर आधी स्प्रिंग आणि बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) पाहा. फाटलेल्या बंप स्टॉपवर गार्डाचा खर्च करणं म्हणजे फुटक्या माठाला रंग देणं.

ब्रेकरचं गणितही समजून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. २.४५ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराची) गाडी त्याच्या मधोमध असताना दोन्ही बाजूंची चाकंही ब्रेकरवरच असतात, त्यामुळे पोटाखालचे ४५ मिमीच जातात. गल्लीतल्या हौशी मंडळींनी ओतलेला हातभर रुंदीचा उंचवटा तेवढाच १० सेंमी असला तरी पूर्ण १०० मिमी खातो. ११०-१२० मिमी क्लिअरन्सच्या गाडीला मग उरलं काय? चेंबरच सगळ्यात खाली असेल, तर वर गार्डाचा पत्रा आणि त्याच्यावरची फट यांचे वीस-पंचवीस मिमी वजा करा. आपल्याकडे नागपुरात सिमेंट रोड बाजूच्या गल्लीपेक्षा उंच झालेत, तिथे चढ-उताराची धार हा वेगळाच ताप. तिथे तिरकं जा, एकेक चाक चढवत.

पत्रा कोणता घ्यायचा? ६० बाय ८० सेंमीचा तुकडा ३ मिमी लोखंडात सव्वाअकरा किलोच्या आसपास जातो, ४ मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये सव्वापाच किलो. पुढच्या एक्सलवर जास्तीचे सहा किलो कशाला, म्हणून अ‍ॅल्युमिनियम, त्यातही ५०५२ ग्रेड मागा. भंगारातला कुठलाही पत्रा वाकवताना घडीवर चिरू शकतो. एचडीपीई प्लास्टिकच्या पट्ट्या घासून सरकायला झकास, पण साधारण १३० अंशाला वितळतात, त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा तापट डबा) आसपास अजिबात नकोत. शिवाय उन्हाने वाढतात: मीटरभर पट्टी ५० अंशांच्या फरकाने सात-आठ मिमी. भोकं लांबट ठेवली नाहीत तर मे महिन्यात पट्टी नागमोडी होते.

गार्ड पकडायचा सबफ्रेमवरच्या मूळ भोकांत. चेंबरच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टांवर टांगायचा नाही, कारण खालून बसलेला फटका मग थेट कास्टिंगला जातो आणि अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर चेपत नाही, तडकतो. लोखंडी चेंबर चेपतो, पण पोचा आत ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी गेला तर तेही तितकंच वाईट. म्हणून चेंबर आणि गार्ड यांत १५-२० मिमी फट ठेवा. चेसिसमध्ये नवं भोक पाडायला निघालेल्या फॅब्रिकेशनवाल्याचा हात तिथेच धरा. पत्र्याची पुढची कड वर वळलेली हवी आणि बोल्टची डोकी पत्र्याच्या खाली लोंबायला नकोत. एम८ चं षट्कोनी डोकं वायसरसकट सातेक मिमी खाली येतं, ब्रेकरवर घासून गोल होतं, मग पाना बसत नाही. बोल्टच्या जागी पत्रा वर दाबून खळगी करून घ्या.

आता बोल्ट. पहिल्या दिवशी नीट आवळलेला बोल्टही ढिला पडतो, आणि त्यात मिस्त्रीचा दोष असतोच असं नाही. वायसरखालचा पावडर कोटिंगचा थर दाबला जातो, रबराचं वायसर बसतं, इंजिन तापतं-निवतं, आणि पकड जाते. म्हणून भोकांभोवती वायसरएवढ्या जागेत कोटिंग लावूच देऊ नका. ८.८ ग्रेडच्या एम८ बोल्टला मजबूत नटात २५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. तुमच्या गाडीच्या सबफ्रेमचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल तर तोच खरा. आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटली, म्हणजे बोल्ट फिरला. रेघ शाबूत असली म्हणून पकडही शाबूत असं मात्र नाही, कारण थर दबला तर बोल्ट न फिरताही ढिला होतो. थ्रेडलॉक, म्हणजे बोल्टच्या आट्यांना धरून ठेवणारा गोंद, पहिल्या दिवशी लावू नका. सुकलेला थ्रेडलॉक पुन्हा आवळताना तुटतो आणि लावला न लावला सारखाच. आधी शंभर किलोमीटर, मग एकेक बोल्ट काढून, पुसून, निळा थ्रेडलॉक लावून शेवटचा टॉर्क. “फिट आहे ना भाऊ, काही नाही होत,” असं ऐकू येईल. ऐकून घ्या आणि तारीख ठरवूनच गॅरेजमधून निघा. पुढचे दोन बोल्ट गळले की पत्र्याची कड खाली येते आणि पुढच्या उंचवट्यात फावड्यासारखी रुतते. मग गार्ड सबफ्रेमची भोकं घेऊन निघतो. नागपूरहून रामटेकला जाऊन आलात की शंभर होतात. आल्यावर, इंजिन निवल्यावर, पाना. पुढे दर ऑइल बदलाला पाना.

उष्णतेचं विसरू नका. रेडिएटरमधून आलेली हवा बऱ्याच गाड्यांत खालूनच बाहेर पडते, आणि सगळं पोट बंद केलं तर नागपूरच्या ४५ अंशांत सिग्नलवर उभ्या गाडीचा काटा चढतो. मागच्या बाजूला तोंड केलेल्या तिरक्या फटी कापून घ्या. पत्रा सायलेन्सरच्या पाइपपासून किमान २५ मिमी लांब ठेवा.

ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टसमोर ६०-७० मिमीचं भोक हवं, तेही धार जिकडे उडते तिकडे थोडं सरकवून. धार सरळ खाली पडत नाही, आणि पत्र्यावर सांडलेलं ऑइल नंतर आठवडाभर जळकं वासतं. चिखलासाठी १०-१२ मिमीची चार-पाच भोकं. काळी माती एकदा आत वाळली की छिन्नीने निघते.

गाडी वर घेताना पुढची चाकं आधी ४०-५० मिमी जाडीच्या फळ्यांवर चढवा, नाहीतर जॅक खाली शिरतच नाही. स्टँड लावा, विटा नकोत. गार्डाने जॅकच्या जागा झाकल्या नाहीत ना, ते पाहा. बंपरच्या पुढच्या खालच्या ओठाला बदलता येणारी पट्टी लावा. गाडीच्या पोटाला मारायचं अंडरकोटिंग गंजावर, ब्रेकवर, सायलेन्सरवर नको, आणि दाराखालच्या पाणी निघायच्या भोकांत तर नकोच.

विमा: चेंबर फुटल्यावर तशीच गाडी चालवून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत तो दावा अडकतो. फटका बसला, ऑइलचा दिवा लागला, तर तिथेच इंजिन बंद करा आणि फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेणारा ट्रक) बोलवा. ओढत नेऊ देऊ नका.

टॉर्क रेंच, १३ ची गोटी (सॉकेट), नेलपॉलिशची बाटली आणि निळा थ्रेडलॉक एका पिशवीत घालून डिकीत आजच ठेवा. पिशवीवर रामटेकची तारीख लिहा.